आधी ब्लॉक, मग प्लॉट: उताराच्या रानातील रब्बी ज्वारीचा एक प्रयोग

सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारीच्या पाच वाणांची तुलना करायची होती. एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं ते संशोधन. वाण होते फुले अनुराधा, फुले माऊली, फुले सुचित्रा, फुले वसुधा आणि तुलनेसाठी मालदांडी ३५-१. रान साधारण ६० मीटर रुंद आणि ७५ मीटर लांब, पूर्वेकडून पश्चिमेकडे हलका उतार, खरिपात पडीक ठेवलेलं. पेरणीला तीन आठवडे असताना तिचा आराखडा माझ्याकडे तपासायला आला.

आराखडा असा होता. तीन ब्लॉक, म्हणजे तीन पुनरावृत्ती, शेजारी शेजारी; प्रत्येकात पाचही वाण एकेकदा. प्रत्येक ब्लॉक वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत उतरलेला आणि त्यात पाच प्लॉट एकाखाली एक. प्रत्येक प्लॉट १८ मीटर बाय १३.५ मीटर, म्हणजे २४३ चौरस मीटर. कागदावर चित्र सुबक दिसत होतं. कोणता वाण कुठे जाणार याच्या चिठ्ठ्याही नीट काढलेल्या होत्या. एवढे मोठे प्लॉट का, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर, कोरडवाहूत जमीन सारखी नसते, म्हणून प्लॉट मोठा घ्यायचा असं सगळेच सांगतात."

हे सगळेच सांगतात हे खरं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण हा सल्ला अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग या रानात कसा सापडला, ते इथे सविस्तर मांडतो. कोरडवाहू प्रयोगांत सर्वांत जास्त मेहनत वाया जाते ती इथे, पेरणीच्या आधी, कागदावर.

पहार काय सांगते

आराखड्यावर बोलण्याआधी रानात जाणं भाग होतं. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते, त्यानंतर पावसाचा भरवसा नाही. पीक किती दिवस तगणार हे मुरमाच्या वर किती माती आहे यावर ठरतं. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीसुद्धा त्यामुळेच जमिनीच्या खोलीप्रमाणे आहेत: हलक्या जमिनीला अनुराधा आणि माऊली, मध्यम जमिनीला सुचित्रा, भारी जमिनीला वसुधा. म्हणजे या प्रयोगात खोली हा नुसता त्रासदायक फरक नव्हता. वाणांचा निकालच तिच्यावर अवलंबून होता.

शेतकरीकाका पहार घेऊन आले. दर दहा मीटरवर पहार ठोकायची, मुरूम लागला की खूण करायची आणि मोजायचं. वरच्या बांधाजवळ गुडघ्यापर्यंतही पहार जात नव्हती. मधल्या भागात ती कमरेकडे सरकू लागली. खालच्या बांधाकडे काका म्हणाले, "ताई, वरच्या अंगाला मुरूम हाताला येतोय. हितं मात्र पहारच गिळती जमीन." जमिनीचं तपासणीपत्र यापेक्षा वेगळं काही सांगणार नव्हतं.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. उत्तर-दक्षिण, म्हणजे उताराला आडवं चालत गेलं, तर खोली फारशी बदलत नव्हती. बदल होता तो एकाच दिशेने, वरून खाली. अपवाद फक्त दोन. उत्तरेच्या कोपऱ्यात एक बाभूळ होती आणि त्याच बाजूला उताराच्या मध्यावर एका जागी माती वेगळ्या रंगाची होती. तिथे कधीकाळी जुना बांध होता, तो मोडून रान सलग केलेलं. ही माहिती काकांनी आपणहून दिली. ती कुठल्याही नकाशात मिळाली नसती.

आता मूळ आराखडा या रानावर ठेवून पाहा. एकाच ब्लॉकमधला पहिला प्लॉट मुरमावर आणि पाचवा काळ्या खोल जमिनीत. ब्लॉकचा एकच धर्म असतो: त्याच्या आतले सगळे प्लॉट जमिनीच्या दृष्टीने एका तोलाचे हवेत, म्हणजे त्यांच्यात उरतो तो फरक वाणांचा. इथे उलटं झालं होतं. तिन्ही ब्लॉक एकमेकांसारखे होते आणि प्रत्येकाच्या पोटात रानातला सगळा फरक भरला होता. चिठ्ठ्या टाकल्यामुळे निकाल पक्षपाती झाला नसता हे खरं, पण खोलीचा सगळा फरक प्रायोगिक त्रुटीत, म्हणजे ज्या चढउताराचं कारण वाण किंवा ब्लॉक नाही त्याच्या खात्यात, जाऊन बसला असता. विश्लेषणाच्या शेवटी "वाणांत लक्षणीय फरक आढळला नाही" असं वाक्य आलं असतं, आणि ते वाक्य वाणांबद्दल नसून मांडणीबद्दल असतं.

मोठा प्लॉट की जास्त ब्लॉक

प्लॉटच्या आकारमानाचा प्रश्न जुना आहे. १९१० मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात मर्सर आणि हॉल यांनी एका एकरावरचा एकाच वाणाचा, एकाच निगराणीतला गहू ५०० तुकड्यांत वेगवेगळा कापून तोलला. कुठलाही प्रयोग न लावता केलेल्या अशा कापणीला एकरूपता चाचणी म्हणतात. शेजारशेजारचे तुकडे जोडून प्लॉट मोठा करत गेलं की चढउतार किती कमी होतात, हे त्यातून थेट दिसतं. १९३८ मध्ये फेअरफिल्ड स्मिथ यांनी अशा अनेक चाचण्यांवरून एक साधा नियम मांडला. प्लॉट क्ष पट मोठा केला, तर दर चौरस मीटरच्या उत्पादनातलं विचरण (चढउताराचं माप, इंग्रजीत व्हेरियन्स) क्ष च्या 'बी' या घाताने भागलं जातं. बी हा त्या जमिनीचा स्वभाव. शेजारच्या तुकड्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर तो १ असतो. शेजारी तंतोतंत सारखे असतील तर शून्याकडे जातो.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. बी १ असेल तर प्लॉट दुप्पट केल्यावर विचरण निम्मं होतं. बी ०.५ असेल तर दुप्पट प्लॉटमुळे ते सुमारे २९ टक्के कमी होतं. बी ०.२ असेल तर जेमतेम १३ टक्के. याउलट पुनरावृत्ती दुप्पट केल्या, तर वाणाच्या सरासरीचं विचरण प्रत्येक वेळी निम्मं होतं, बी काहीही असो. मग तेवढीच जमीन प्लॉट मोठा करण्यात घालवायची की ब्लॉक वाढवण्यात? जिथे खोलीचे मोठमोठे पट्टे आहेत, शेजारचा तुकडा शेजारच्यासारखाच आहे आणि फरक लांबवर जाऊन पडतो, तिथे बी लहान असतो. अशा रानात प्लॉट फुगवून फार काही हाती लागत नाही. "जमीन सारखी नाही, म्हणून प्लॉट मोठा" हा सल्ला नेमका अशाच जागी लंगडा पडतो.

तरीही प्लॉट फार लहान करून चालत नाही, आणि कोरडवाहूत याची कारणं अगदी ठोस आहेत. समजा ज्वारीचा प्लॉट चार ओळींचा आणि चार मीटर लांबीचा घेतला. दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडला, तर कापणीला उरतात दोन ओळी, तीन मीटर लांबीच्या. हे निव्वळ क्षेत्र २.७ चौरस मीटर. ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतरावर त्यात ताटं बसतात ४०. कोरड्यात उगवण विरळ होतेच. चार ताटं तुटली की दहा टक्के पीक गेलं. शिवाय या प्लॉटचं वजन हेक्टरवर न्यायला सुमारे ३,७०० ने गुणावं लागतं, म्हणजे तोलताना ५० ग्रॅमची चूक हेक्टरी १८५ किलो होऊन बसते. जिथे वाणावाणांतला खरा फरकच दोन-तीन क्विंटलचा असू शकतो, तिथे ही चूक परवडणारी नाही. त्यात पाखरं आलीच. लवकर पक्व होणाऱ्या अनुराधाच्या छोट्या प्लॉटवर आधी तीच उतरतात.

शेवटी काय ठरलं

तिफण दीड फुटी, तीन फणांची. एका पासात, म्हणजे एका फेरीत, तीन ओळी, १.३५ मीटर रुंदी. प्लॉटची रुंदी या मापाच्या पटीतच हवी, नाहीतर शेवटचा पास शेजारच्या प्लॉटमध्ये घुसतो. चार पास घेतले, म्हणजे बारा ओळी, ५.४ मीटर. लांबी १० मीटर. ढोबळ क्षेत्र ५४ चौरस मीटर. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि टोकांचा एकेक मीटर सोडून कापणीला ३.६ बाय ८ मीटर, म्हणजे २८.८ चौरस मीटर. त्यात सुमारे ४२५ ताटं. चार तुटली तर एक टक्का. ५० ग्रॅमची चूक हेक्टरी १७ किलोच्या आसपास.

ब्लॉक तीनाऐवजी सहा, आणि प्रत्येक ब्लॉक उताराला आडवा. ५.४ मीटर रुंदीची एक पट्टी, तिच्यात पाच प्लॉट टोकाला टोक लावून, मध्ये एकेक मीटरची वाट: एकूण ५४ मीटर. पट्टी वरून खाली अवघी ५.४ मीटर असल्यामुळे तिच्या आत खोलीचा फरक नगण्य. सहा पट्ट्या जोडीजोडीने बसवल्या: दोन हलक्या जमिनीत, दोन मध्यम, दोन खोल. बाभळीची सावली आणि मुळं जिथवर पोचतात ती जागा पूर्ण टाळली.

एकूण प्रयोगक्षेत्र ३,६४५ वरून १,६२० चौरस मीटरवर आलं, निम्म्याहून कमी. विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांना याचीच धास्ती वाटली. म्हणून हिशेब समोर ठेवला. जुन्या प्लॉटचं निव्वळ क्षेत्र, तेवढीच किनार सोडून, १८७.२ चौरस मीटर येतं, म्हणजे नव्याच्या साडेसहा पट. ब्लॉकच्या दिशेचा फायदा अजिबात धरला नाही, फक्त स्मिथचा नियम लावला, तर बी ०.३७ असताना दोन्ही मांडण्या अचूकतेत समसमान ठरतात. बी त्याहून कमी असेल तर नवी मांडणी सरस. बी ०.५ असेल तर नव्या मांडणीत विचरण २७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे निव्वळ आकारमानाच्या हिशेबाने पारडं कुठेही झुकू शकतं. निर्णय होतो तो ब्लॉकच्या दिशेने: जुन्यात गुडघाभर आणि मीटरभर जमीन एकाच ब्लॉकमध्ये, नव्यात ती वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये. खोलीचा फरक ब्लॉकच्या खात्यात गेला की त्रुटीवर त्याचा भार पडत नाही.

आणखी एक गोष्ट या मांडणीने साधली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. जुन्या आराखड्यात त्रुटीच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे त्रुटीचा अंदाज ज्यांवर उभा राहतो त्या स्वतंत्र तुलना, होत्या ८. आपल्याकडे शिकवतात की त्या १२ च्या खाली जाऊ नयेत. नव्यात त्या २० झाल्या. त्यातल्या ८ वाण आणि खोली यांच्या परस्परक्रियेसाठी, म्हणजे खोलीप्रमाणे वाणांचा क्रम बदलतो का हे पाहण्यासाठी, काढल्या तरी १२ उरतात. परस्परक्रिया बाजूला काढायलाच हवी होती, कारण हलक्या जमिनीला वेगळा वाण आणि भारी जमिनीला वेगळा, ही शिफारसच मुळी तपासायची होती. प्रत्येक खोलीत एकच ब्लॉक ठेवला असता, तर परस्परक्रिया आणि त्रुटी एकमेकांत मिसळून गेल्या असत्या. म्हणून जोड्या.

पुस्तकातला नियम आणि आडवी पेरणी

यावर एक रास्त आक्षेप आला. पाठ्यपुस्तक सांगतं की प्लॉट लांब-अरुंद असावा आणि त्याची लांब बाजू जमिनीच्या बदलाच्या दिशेने असावी, म्हणजे प्रत्येक प्लॉटला थोडी हलकी, थोडी भारी जमीन मिळते. इथे तर लांब बाजू आडवी ठेवली आहे. नियम मोडला का?

बागायती सपाट रानात तो नियम उत्तम चालतो. कोरडवाहू उतारावर मात्र त्याची गाठ दुसऱ्या, त्याहून मोठ्या नियमाशी पडते: पेरणी उताराला आडवी करायची. ओळी उताराच्या दिशेने गेल्या, तर परतीच्या पावसाचं पाणी ओळींतून खाली पळतं आणि ज्या ओलीवर प्रयोग उभा आहे तीच जाते. ओळी आडव्या ठेवून प्लॉट उभा घ्यायचा म्हटलं, तर तीन-चार मीटरच्या तुटक ओळी पडतात. बैल वळवण्यातच दिवस जातो आणि प्रत्येक वळणावर बी सांडतं. शिवाय उभा लांब प्लॉट घेतला की खोलीचा फरक प्लॉटच्या पोटात विरघळतो. पाचही वाणांना सरासरी जमीन मिळते, पण हलक्या जमिनीत कोण चांगला आणि भारीत कोण, हा प्रश्नच पुसला जातो. प्रश्न तोच होता.

अरुंदपणाची किंमतही मोजून पाहावी. तेच ५४ चौरस मीटर ५.४ बाय १० ऐवजी २.७ बाय २० असे घेतले, तर ओळी सहाच मिळतात. दोन्हीकडच्या दोन-दोन किनारी गेल्या की उरतात दोन ओळी, अठरा मीटरच्या: १६.२ चौरस मीटर. जमीन तीच, नुसता आकार बदलला आणि कापणीचं क्षेत्र २८.८ वरून इथवर घसरलं.

किनारीच्या ओळी सोडायच्या कशाला, असंही विचारलं जातं. कोरडवाहूत त्याचं उत्तर प्लॉटच्या कडेलाच उभं असतं. मोकळ्या वाटेलगतचं ताट आतल्यापेक्षा जाड, पानं उशिरापर्यंत हिरवी, कणीस भरलेलं. त्याला उजेड जास्त मिळतो एवढंच कारण नाही. त्याची मुळं वाटेखालची न वापरलेली ओल ओढतात. डिसेंबर-जानेवारीत आतलं पीक खालची पानं टाकू लागतं, तेव्हा ही कडेची ओळ लांबूनच ओळखू येते. म्हणून वाटा मीटरभरच ठेवल्या आणि पट्ट्यांच्या चौफेर मालदांडी पेरली.

चाड्यावर मूठ

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात पेटी असते. वाण बदलायचा तर ती रिकामी करून, नळ्या झटकून पुढे जावं लागतं, आणि राहिलेले चार दाणे पुढच्या प्लॉटमध्ये पडतातच. तिफणीत बी मुठीतून चाड्यात पडतं. प्लॉट संपला, बैल वाटेत थांबले, हातातली मूठ बदलली की झालं. टोकाला टोक लावलेले प्लॉट त्यामुळेच शक्य झाले. हेक्टरी १० किलो बियाण्याच्या हिशेबाने ५४ चौरस मीटरला ५४ ग्रॅम बी लागतं. प्रत्येक प्लॉटच्या प्रत्येक पासाला साडेतेरा ग्रॅमची वेगळी पुडी केली. तीस प्लॉट, चार पास, एकशे वीस पुड्या. मूठ धरायला काकू होत्या. प्लॉटच्या टोकाशी पुडी संपली की अंतर बरोबर, उरली की मूठ आवळली गेली, हे त्यांनी पहिल्या पट्टीतच ताडलं आणि पुढच्या पट्ट्यांत पुड्या टोकाशीच संपत गेल्या. विरळणीनंतर ताटांची संख्या प्लॉटागणिक फार कमीजास्त निघाली नाही, त्याचं श्रेय आराखड्यापेक्षा काकूंच्या हाताला जास्त आहे.

एक अडचण राहिलीच. जुन्या बांधाची माती मधल्या जोडीतल्या एका पट्टीच्या टोकाशी आली. पट्टी सरकवायला पुरेशी जागा होती, म्हणून ती थोडी दक्षिणेला नेली आणि ५४ मीटरची लांबी कायम ठेवली. ब्लॉक एका रेषेत दिसले पाहिजेत असा काही नियम नाही. चित्र वाकडं दिसलं तरी चालतं.

हंगामात वरच्या दोन पट्ट्यांत दाणे भरताना खडखड्या रोग आला, खाली तो तुरळक होता. ओल आधी कुठे संपते हे रोगानेही दाखवलं. कापणीनंतर प्रत्येक प्लॉटमध्ये दोन ठिकाणी पुन्हा पहार ठोकून खोली नोंदवली. पट्टीच्या आत थोडाफार फरक राहिला असेल, तर सहविचरण विश्लेषणात ही खोली घेऊन तो वजा करता येतो. याला पैसा लागत नाही, एक सकाळ लागते.

स्मिथच्या नियमातला बी किती, हे मात्र गृहीतच धरावं लागलं होतं, आणि ते कायम गृहीत धरत राहण्याचं कारण नाही. पट्ट्यांच्या जोड्यांमध्ये जी मोकळी जमीन उरली, तिथे सगळीकडे मालदांडीच होती: एकच वाण, एकच दिवशी पेरलेली, एकाच निगराणीत. त्यातला ४८ मीटर बाय १६.२ मीटरचा एक तुकडा आखून, तिफणीच्या एका पासाची रुंदी आणि चार मीटर लांबी हे एकक धरून, १४४ तुकड्यांत वेगवेगळा कापला. प्रत्येक तुकडा ५.४ चौरस मीटर. पेंढ्या बांधून, चिठ्ठी लावून, कणसं स्वतंत्र मळून तोलली. असे दहा तुकडे म्हणजे प्रयोगातला एक ढोबळ प्लॉट. सहा तुकडे आडवे जोडले तर विचरण किती आणि तेच सहा उभे जोडले तर किती, हे या वजनांवरून काढता येतं. त्यावरून पुढच्या हंगामात याच शिवारात प्लॉटची लांबी, रुंदी आणि दिशा ठरवायची आहे.